पगार सातला, मुदत दोनला

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पगार सात तारखेला जमा होतो. तिथल्याच कामगाराच्या क्रेडिट कार्डाचं बिल भरायची मुदत मात्र दोन तारखेला संपते. मधल्या पाच दिवसांत खात्यावर पैसे नसतात आणि कार्डावर दंड चढत असतो. सातला संध्याकाळी तो प्रामाणिकपणे पूर्ण बिल भरतो, आणि पुढच्या महिन्याच्या बिलावर लेट फी, व्याज आणि त्या दोन्हींवरचा जीएसटी पाहून चक्रावतो. मग हेल्पलाइन, मग ‘नऊ दाबा’, मग होल्डवरचं संगीत.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात क्रेडिट कार्डाविषयीचा वैताग असा तारखांपासून सुरू होतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ऐपतीपेक्षा जास्त खर्च केला की असंच व्हायचं. तशी माणसंही आहेतच. पण अनपेक्षित दंडाच्या कितीतरी प्रकरणांत उधळपट्टी कमी आणि कारखान्याचं कॅलेंडर बँकेच्या कॅलेंडरशी न जुळणं जास्त असतं. हे जुळवून देण्याची तरतूद नियमांत आहे. ती ग्राहकापर्यंत पोचत नाही, हा खरा प्रश्न आहे.

पतपेढीकडून कार्डाकडे

या भागाला उधारी नवी नाही. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे एमआयडीसी, टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान कारखाने आले. कायम कामगाराची पत तेव्हा कंपनीच्या आवारातच तयार झाली. कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतपेढीतून मुलीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला कर्ज मिळे आणि हप्ता पगारातूनच कापला जाई. हप्ता चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पगार आणि हप्ता एकाच तारखेला, एकाच पगारपत्रकावर येत. ‘सोसायटीचं कापून हातात किती?’ हा त्या काळातला नेहमीचा प्रश्न.

२००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे मोठे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ही गावं पुरवठादारांनी आणि भाड्याच्या खोल्यांनी भरली. इथला नवा कामगार बराचसा कंत्राटी किंवा प्रशिक्षणार्थी. बीड, लातूर, नांदेडहून किंवा थेट बिहारहून आलेला. जुन्या पतपेढीची सभासदी त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्याकडे असतं ते सॅलरी अकाउंट, आणि त्या खात्यामागून येणारा फोन: ‘सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड कार्ड आहे, लाइफटाइम फ्री.’

भारतात बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेनं १९८०मध्ये काढलं. पुढची बरीच वर्षं ते साहेब लोकांच्या पाकिटातलं होतं. २०२४च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. कार्ड शॉपफ्लोअरपर्यंत पोचलं, पण ते वापरायचे नियम साहेबांच्या पगाराला बेतलेलेच राहिले. महिनाअखेरीला पगार जमा होतो त्याला दोन तारखेची मुदत सोयीची. ज्याचा पगार पुढच्या आठवड्यात होतो, त्याला ती अडचणीची.

दोन कॅलेंडरं

१९३६च्या वेतन प्रदान कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या आस्थापनेला दहा तारखेपर्यंत पगार द्यायची मुभा दिली होती. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेनं मासिक पगारासाठी सात तारखेची मर्यादा ठेवली आहे. म्हणजे सातला पगार देणारा मालक कायदा पाळतो, दोनला बिल मागणारी बँकही नियम पाळते, आणि दोघांच्या मधे उभा असलेला माणूस दंड भरतो.

भोसरीच्या लहान वर्कशॉपवाल्याची तऱ्हा वेगळी, दुखणं तेच. तो जॉबवर्क करतो. माल गेला की बिल लागतं, आणि पैसे यायला दोन-तीन महिनेही जातात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळणार नाही, अशी तरतूदही अलीकडे प्राप्तिकर कायद्यात आली. तरी मोठ्या गिऱ्हाइकाला तगादा लावायची लहान माणसाची छाती होत नाही. मग टूलिंग, कटर, कूलंट अशी खरेदी कार्डावर होते, कारण कार्ड पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी देतं. गिऱ्हाइकाचे पैसे साठाव्या दिवशी आले की मधले दहा दिवस त्याला महागात जातात.

त्यात पाळ्यांचं काम. अनेक कारखान्यांत शॉपफ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही. बँकेची आठवण सकाळी अकराला येते तेव्हा फोन लॉकरमध्ये असतो. तिसरी पाळी करून आलेला माणूस दुपारी झोपेत असतो. संध्याकाळी पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीतून घरी पोचेपर्यंत तो मेसेज पंचवीस जाहिरातींखाली गाडला गेलेला असतो.

यावर दोन तरतुदी आहेत. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले आणि १ जुलै २०२२पासून ते लागू झाले. त्यानुसार मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि खातं थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोकडे कळवताही येत नाही. दुसरी तरतूद जास्त कामाची आहे. बिलाचं चक्र बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. निदान एकदा तरी बँकेनं ते बदलून दिलंच पाहिजे, असं मार्च २०२४च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं. मुदत दोनची पंधरा करून घेतली की पगार सातला होवो की दहाला, भांडणच मिटतं. पण लेट फी माफ करा म्हणून फोन करणाऱ्याला ‘तुमची तारीख बदलून देऊ का?’ असं समोरून विचारलं जात नाही.

पाच दिवसांची किंमत

दंडाचा आकडा एवढा का फुगतो, हे एक बिल उलगडून पाहिलं की कळतं. समजा, ५ जूनला कार्डावर चाळीस हजारांची खरेदी झाली. १२ जूनला बिल निघालं, भरायची मुदत २ जुलै. व्याजाचा दर महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस टक्के. अनेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो.

आपल्या कामगारानं ७ जुलैला पूर्ण चाळीस हजार भरले. उशीर पाच दिवसांचा. त्याला वाटतं व्याजही पाच दिवसांचं लागेल. पण मुदतीत पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी सवलत मागे जाऊन रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. ५ जून ते ७ जुलै हे बत्तीस दिवस झाले. दिवसाला साधारण ४९ रुपयांप्रमाणे १,५७८ रुपये व्याज. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २८४ रुपये. तीन दिवसांची सवलत ५ जुलैला संपली, म्हणून लेट फीही लागली. या रकमेच्या टप्प्याला ती १,१०० रुपये धरली तर जीएसटीसह १,२९८. सगळी बेरीज ३,१६० रुपये. पाच दिवसांसाठी.

तीन दिवसांच्या आत भरलं असतं तर लेट फी वाचली असती, व्याज तरीही लागलंच असतं. ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ‘आरबीआयचा तीन दिवसांचा नियम आहे ना, मग हे काय लावलंय?’ म्हणून ग्राहक तावातावानं फोन करतो, आणि त्या एका मुद्द्यावर चूक त्याचीच निघते.

आता दुसरा मार्ग, किमान रक्कम. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून दोन हजार छापलेले आहेत. ते २ जुलैला भरले. लेट फी नाही, तगाद्याचा फोन नाही, सगळं आलबेल. १२ जुलैच्या बिलावर मात्र चाळीस हजारांवर सत्तावीस दिवसांचं आणि उरलेल्या अडतीस हजारांवर दहा दिवसांचं व्याज येतं, एकूण १,८०० रुपये. जीएसटी ३२४. म्हणजे नवं देणं ४०,१२४ रुपये. दोन हजार भरूनही देणं सव्वाशेनं वाढलं. शिवाय जुनी बाकी राहिली असल्यानं नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा प्रत्येक बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. तो छापलेलाही असतो. ऑटो-पे लावताना ‘मिनिमम’ आणि ‘टोटल’ यांपैकी पहिल्यावर बोट पडलं की तो इशारा वाचायला कुणी बिल उघडतच नाही.

हे व्याज कायद्यानं रोखता येईल का? तसा प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं ७ जुलै २००८ रोजी वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. व्याजदराच्या धोरणात आयोगानं शिरू नये, हे काम रिझर्व्ह बँकेचं, असा त्या निकालाचा रोख आहे. रिझर्व्ह बँक दर अवाजवी नसावा असं सांगते, ठरावीक आकडा घालून देत नाही. तेव्हा दर जास्त आहे ही तक्रार आजघडीला फारशी टिकत नाही. आकारणी नियमाला सोडून झाली, ही तक्रार टिकते.

फोनवर दया, कागदावर हक्क

हेल्पलाइनवर माणूस मिळेपर्यंत निम्मा धीर संपतो. समोर बोलणाऱ्याला मराठी येईलच असं नाही, आणि ग्राहकाला आपलं म्हणणं हिंदीत जोर लावून सांगता येईल असंही नाही. तक्रार ऐकून झाली की ठरलेलं वाक्य येतं: ‘सर, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे म्हणून या वेळी लेट फी रिव्हर्स करतोय, पुढच्या वेळी होणार नाही.’ ग्राहक खूश. काही वेळा त्याच फोनवर कर्ज किंवा ईएमआयची योजनाही गळ्यात मारली जाते.

या खुशीत एक गोष्ट निसटते. लेट फी नियमबाह्य लागली होती की नियमानुसार लागून मेहरबानी म्हणून माफ झाली, याचा उलगडाच होत नाही. नियमबाह्य असेल तर ती परत करणं हे बँकेचं कर्तव्य होतं, आणि त्याच चुकीनं इतर हजारोंनाही लागलेली असू शकते. मेहरबानीत हा प्रश्न विरघळतो. जो फोन करून गयावया करतो त्याचे पैसे परत मिळतात, आणि तिसरी पाळी करून झोपी गेलेल्याचे बँकेकडेच राहतात.

असे बरेच हक्क कागदावर आहेत. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायची असते. बाकी नसताना उशीर झाला तर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. बंद करण्यासाठी पोस्टानंच पत्र पाठवा, असा आग्रह धरता येत नाही. न मागता कार्ड देऊन आकारणी केली तर ती रद्द करून तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यायची असते. शुल्क वाढवायचं तर महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि ते मान्य नसेल तर ग्राहकाला जादा खर्चाशिवाय कार्ड परत करता येतं. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. महत्त्वाच्या अटी किती मोठ्या अक्षरात छापायच्या तेसुद्धा ठरवून दिलंय. एवढं असूनही दिवसाला ५०० रुपये घेतलेला माणूस शोधावा लागेल, कारण बंद करण्याची विनंती फोनवर होते आणि फोनवरचा पुरावा ग्राहकाच्या हातात राहत नाही.

हे दुर्लक्ष सर्वांत महाग पडतं ते घर घेताना. समजा, मॉलमधल्या टेबलावर घेतलेलं, दोनदा वापरून ड्रॉवरमध्ये पडलेलं एक कार्ड आहे. पहिलं वर्ष फुकट होतं. दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये वार्षिक शुल्क आणि नव्वद रुपये जीएसटी लागला. बिल जुन्या ईमेलवर गेलं. लेट फी चढत गेली. किमान रक्कम नव्वद दिवस आली नाही की असं खातं बँकेच्या दृष्टीनं बुडीत कर्जाच्या वर्गात जातं. आणि मोशी-चिखलीतल्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज केल्यावर कळतं की ५९० रुपयांनी सिबिल स्कोअर खाली ओढलाय. क्रेडिट ब्युरोतली चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळावी, असा नियम एप्रिल २०२४पासून आहे. पण नोंद चुकीची होती हे दाखवायला पुन्हा कागदच लागतात.

वसुलीच्या फोनांचं निराळंच. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, नातेवाइकांसमोर किंवा मित्रांसमोर पाणउतारा करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२मध्ये बजावलं. तरी अडचणीतल्या माणसाला सुपरवायझरला फोन जाण्याचीच धास्ती जास्त. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तो एक फोन नोकरीवर येऊ शकतो.

बँकांची बाजू

बँकांचं म्हणणंही ऐकायला हवं. क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे. ते बुडालं तर जप्त करायला काही नसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांच्या कार्ड-कर्जावरचं जोखीम-भारांकन १२५वरून १५० टक्क्यांवर नेलं, म्हणजे त्यामागे जास्त भांडवल बाजूला ठेवणं भाग पाडलं. वेळेवर पूर्ण पैसे भरणारा ग्राहक दीड महिना पैसे फुकट वापरतो, वर पॉइंट आणि पेट्रोलची सूट घेतो. मुदत पाळायला काहीतरी धाक हवा, यातही तथ्य आहे.

काही वेळा गोंधळ बँक किंवा ग्राहक कुणाच्याच एकट्याचा नसतो. जुलै २०२४पासून ॲपवरून होणारे कार्डाचे भरणे भारत बिल पेमेंट यंत्रणेतूनच जावेत असं ठरलं, तेव्हा काही मोठ्या बँका त्या यंत्रणेला जोडल्याच गेलेल्या नव्हत्या. नेहमीच्या ॲपवर नेहमीसारखं बिल भरायला गेलेल्यांची तारांबळ उडाली.

पण धाक आणि कमाई यांत फरक आहे. पगाराची तारीख बँकेला पक्की ठाऊक असते, कारण सॅलरी अकाउंट अनेकदा तिच्याकडेच असतं. दर महिन्याला सातला पगार येतो हे ज्या संगणकाला दिसतं, त्याच संगणकानं दोनची मुदत द्यावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी दंड लावावा, याला धाक म्हणता येणार नाही.

दाद कुठे मागायची

दाद मागण्याचा रस्ता कागदावर सरळ आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार: ईमेल, ॲप किंवा संकेतस्थळावरून, तक्रार क्रमांक घेऊन. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता आणि ईमेल बिलावरच छापलेला असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१पासून देशभरासाठी एकच एकात्मिक योजना आहे. ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल ती हातात घेत नाही, आणि फोनवरच भांडत राहिलेला ग्राहक नेमका इथे अडतो. २०२३-२४मध्ये लोकपालांकडे ९ लाख ३४ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. कर्जं, मोबाइल बँकिंग आणि क्रेडिट कार्ड हे त्यांतले मोठे गट.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे बँकेचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत, चाकणच्या माणसाला पुण्याबाहेर जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण बाराशे रुपयांच्या लेट फीसाठी सुट्टी टाकून, रोजंदारी बुडवून तारखांना कोण जाणार? एकेकट्याची रक्कम लहान असते म्हणून कुणी लढत नाही, आणि कुणी लढत नाही म्हणून ती प्रत्येकाकडून घेता येते.

इथेच पुण्याचा जुना अनुभव उपयोगी पडावा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच सुरू केली, ती एकट्या ग्राहकाला बाजारात ताकद नसते हे ओळखून. या औद्योगिक पट्ट्यात ती एकजूट बांधायला वेगळी संस्था काढायची गरजही नाही. कंपनी, युनियन आणि पतपेढी या तिन्ही गोष्टी आधीपासून आहेत.

कंपनी एखाद्या बँकेशी शेकडो कामगारांची सॅलरी अकाउंट उघडण्याचा करार करते, तेव्हा घासाघीस करण्याची ताकद तिच्याकडे असते. त्या करारात एक ओळ घालायला सांगावी: या खात्यांवर दिल्या जाणाऱ्या कार्डांची मुदत पगारानंतर किमान आठ दिवसांची असेल. युनियननं वेतनकराराच्या बोलणीत हा मुद्दा घ्यावा. कंपनीला त्याचा एक पैसाही खर्च नाही. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांची खातीही त्यातच धरावीत, कारण दंडाचा चटका त्यांनाच जास्त बसतो. पतपेढीनं सभासदांच्या तक्रारी मराठीत लिहून घेऊन बँकेला आणि गरज पडल्यास लोकपालाला पाठवण्यासाठी महिन्यातला एक दिवस ठेवावा. पन्नास जणांची एकाच बँकेविरुद्ध एकाच प्रकारची लेखी तक्रार गेली, की ‘या वेळी माफ करतो’ म्हणून तिची बोळवण करता येणार नाही.

हे होईपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. बिलाची तारीख आजच बदलून मागायची, आणि ती मागणी फोनवर न करता लिहून करायची.